खिएमबाबांचं गाव

"रस्सा कुठाय?" खिएमबाबांनी वाडग्यात वाकून पाहत विचारलं.

"आमच्याकडं एवढाच घालतात, बाबा," उयेन म्हणाली. हळदीच्या पिवळ्या शेवया, त्यावर कोळंबी, शेंगदाण्याचा कूट आणि तळाला जेमतेम रस्सा. दा नांगमध्ये आजवर कुणी याहून जास्त मागितला नव्हता.

"बिन्ह झुओंगला वाडगा उचलला की रस्सा हातावर सांडतो."

सुनेनं लिंबाची फोड पुढं सरकवली. वर्षभर ती असंच निभावून नेत आली होती. सासूबाई गेल्या, बाबा बुटांच्या कारखान्यातून निवृत्त झाले, तेव्हा तिनंच नवऱ्याला म्हटलं होतं, "म्हाताऱ्या माणसाला त्या धुरात एकटं कशाला ठेवायचं? आपल्याकडं समुद्र आहे." बाबा आले आणि आल्या दिवसापासून त्यांच्या तोंडी ते कारखान्यांचं बिन्ह झुओंग. तिथं भोंगा झाला की अख्खी गल्ली कामाला पळते. इथं अख्खं गाव पहाटे उठतं ते पोहायला! तिथं कॉफीची पिशवी स्कूटरला लटकवून माणूस कारखाना गाठतो. इथं एका पेल्यावर दुपार काढतो. दाढी करायला गेले तर न्हावी दुकानाला कुलूप लावून समुद्रात. "लाट चांगली आहे म्हणे!" बाबा घरी येऊन ओरडले. "बिन्ह झुओंगला असा न्हावी उपाशी मेला असता."

एवढं सगळं उयेननं ऐकून घेतलं. पण तिच्या वडिलांच्या वर्षश्राद्धाला मात्र कडेलोट झाला.

पंगत बसली होती. तिच्या थोरल्या भावानं, तो मासेमारीच्या होडीवर असतो, अदबीनं विचारलं, "काका, करमतंय ना आमच्याकडं?"

"समुद्र छान आहे," बाबा म्हणाले, "पण तो माणसाला आळशी करतो. तुम्हा सगळ्यांना आमच्या कारखान्यात एका पाळीला उभं केलं, तर जेवणाच्या सुट्टीआधी निम्मे आडवे व्हाल."

भावानं पेला असा ठेवला की वडिलांच्या फोटोपुढच्या उदबत्तीची राख गळून पडली. "काका, या फोटोत आहेत ना, त्यांना त्याच समुद्रानं नेलंय. होडीवरून. आळसानं नव्हे."

बाबा खाली मान घालून भात चिवडत राहिले. माफीचा एक शब्द नाही.

त्या संध्याकाळी उयेननं सांगून टाकलं, "बाबा, तुम्हाला तुमच्या बिन्ह झुओंगला पोचवते. सुखानं राहा तिथं."

तोआन, तिचा नवरा, काहीतरी बोलायला गेला. तिनं असे डोळे वटारले की तो पुन्हा पंखा पुसायला लागला.

"कधी निघायचं?" बाबांनी एवढंच विचारलं, आणि पिशवी भरली.

एक रात्र नि एक दिवस बसमध्ये काढून दोघं उतरली ती थेट घरमालकीण साउमावशींच्या आवारात. कामगारांच्या खोल्यांची ती लांबलचक रांग. बाबांनी सगळी नोकरी तिथल्याच एका खोलीत काढली होती. मावशींनी मिठीच मारली. पाळी संपवून आलेले जुने सोबती जमले. कण्यांचा भात आला, तळलेला मासा आला. उयेन मागच्या नळावर हात-तोंड धुवायला गेली. सुटलो एकदाचे, असं स्वतःला बजावत होती, आणि ते काही पटत नव्हतं.

तेवढ्यात भिंतीपलीकडून ओळखीचा आवाज आला.

"हा काय मासा? दोन दिवस ट्रकमधून फिरून आलाय बिचारा. आमची सून होडी लागली की वाळूवर उभी असते. ताटात पडतो तेव्हा त्याला मेल्याची खबरसुद्धा नसते!"

उयेनचा हात नळावरच राहिला.

"आणि रस्सा हा असा? पाण्याचा पूर नुसता! आमच्याकडं चारच चमचे घालतात, पण बोटं चाटत बसाल." बाबांचा आवाज चढत चालला होता. "भोंगा, भोंगा, भोंगा! जगता तरी कधी रे तुम्ही? आमचा न्हावीसुद्धा लाट बघून दुकान बंद करतो."

"मग तिथली माणसं आळशीच की!" कुणीतरी डिवचलं.

"तोंड सांभाळून बोल. आमच्या सुनेचा भाऊ वादळात होडी घालतो. बाप समुद्रानं नेला, तरी घालतो. तू पंख्याखाली उभा राहून बुटांचे तळ चिकटवतोस आणि घरी येऊन पाय चेपून घेतोस!"

साउमावशी टॉवेल घेऊन मागं आल्या. उयेनचे भरलेले डोळे पाहून त्यांनी कपाळावर हात मारला.

"तुला कुणी सांगितलं नाही होय? अगं, हा उत्तरेतल्या नाम दिन्हहून आला तेव्हापासून तीस वर्षं आम्ही नाम दिन्हच ऐकलं. नाम दिन्हचा भात, नाम दिन्हची थंडी, नाम दिन्हचे डास, तेसुद्धा म्हणे सभ्य! बिन्ह झुओंगबद्दल एक बरा शब्द ऐकला नाही कुणी. आम्हाला वाटायचं, याला आमचा तिटकारा आहे. आणि जायच्या दिवशी या फाटकाला धरून लहान मुलासारखा रडला गं." कमरेचा किल्ल्यांचा जुडगा त्यांनी पुढं ओढला. "बरं, खोली झाडून ठेवलीय. उघडू?"

पलीकडं बाबा आता दा नांगच्या डासांवर आले होते.

उयेननं टॉवेलनं तोंड खसाखसा पुसलं. "नको मावशी, उद्याच्या बसनं परत नेते त्यांना. पण पुढल्या वर्षी पुन्हा घेऊन येईन हं. एरवी माझं कौतुक मला कुठं ऐकायला मिळणार?"