राहिलेला पेपर

"काकू, बोर्डाचे गणिताचे जुने पेपर संपले सगळे. उद्यापासून घरीच उजळणी करते," असं म्हणत शेजारची इरावती कंपासपेटी आवरू लागली.

"संपले कसे? एक राहिलाय. उद्या ये," मी खेकसले. हे गेल्यापासून आमची बेल हीच तेवढी वाजवते.

दुसऱ्या दिवशी मी स्वतःच काढलेला पेपर तिच्यापुढे ठेवला. वर ठसठशीत लिहिलं होतं: दहावी, गणित भाग एक, मार्च २०२१.

ती वाचता वाचता थांबली. "काकू, त्या वर्षी कोरोनामुळे दहावीची परीक्षाच झाली नव्हती."

मी चष्मा पुसत राहिले.

तिने वर आपलं नाव लिहिलं. "सोडवते. दोन तासांचा गजर लावा."

मी तीन तासांचा लावला.