वापराचं वाक्य

"लिहा," क्लेमेंटीन टीचर म्हणाल्या आणि त्यांनी खडू फळ्यावर इतका दाबला की त्याचे दोन तुकडे झाले.

शब्द होता 'सेन्सेशनॅलिझम'. शेजारी तोच फ्रेंचमध्ये, जरा लांब आणि नाकातून म्हणायचा. खाली मराठी अर्थ: साध्या गोष्टीला भडक रंग फासून लोकांना हादरवणं. त्याच्या खाली, नेहमीसारखं, 'वापर'. नुसता अर्थ पाठ करून शब्द कळत नाही, वापरला की कळतो, असं टीचर चाळीस वर्षं सांगत आल्या होत्या. वापराचं वाक्य एरवी त्या मुलांकडून काढून घ्यायच्या, अर्धा अर्धा तास थांबून. आज थांबल्या नाहीत. स्वतःच लिहिलं: 'गिरीजच्या भाजीत हिरवं विष' पुढे तीन उद्गारचिन्हं ठोकली.

"टीचर, हे तर त्या व्हिडिओचं नाव आहे," अश्लेषा म्हणाली. "आमच्या बिल्डिंगमध्ये सगळ्यांकडे आलाय. आईने पालक बंदच केला."

"ऐकलंस?" टीचर दाराकडे वळून म्हणाल्या.

दारात सुभद्रा बसली होती, गिरीज गावची, भाजीची वाडी असलेली. माणिकपूरच्या बाजारात तिची टोपली एरवी अकराच्या आत रिकामी व्हायची. आज चार वाजले होते आणि मुळ्याच्या जुड्या माना टाकून टोपलीत पडल्या होत्या. व्हिडिओत तीच होती. आपल्या बावखलाच्या काठावर बसून मुळे धूत होती.

बावखल म्हणजे वाडीतलं गोड्या पाण्याचं तळं. पावसाळ्यात भरतं, वर्षभर केळीला आणि भाजीला पुरतं. वर शेवाळाची हिरवी साय धरते. ती हाताने बाजूला सारली की खाली पाणी नितळ. टीचर गिरीजमध्येच वाढलेल्या. याच बावखलात त्या कमरेला दोन सुके नारळ बांधून पोहायला शिकल्या होत्या.

"सोमवारी मातीचे ट्रक यायचेत," सुभद्रा म्हणाली. "धवल म्हनतो, आये, बुजवून टाकू. ते पानी नको नि ती बदनामी नको. पोरगा ऐकत नाय माझं."

"बुजवायचं नाही! त्याच्या आजोबांच्या हातचं बावखल आहे ते."

"टीचर, मी तुमालाच इचारायला आले होते, की तुमी—"

"तू काही विचारू नकोस. त्या व्हिडिओवाल्या दिवट्याला मी बोलावलंय. येऊ दे."

दिवटा आला. विघ्नेश. हेल्मेट काखेत, कॉलरला छोटा माईक. दहावीला तो याच खोलीत, याच खिडकीपाशी बसायचा. आता मोबाइलवर बातम्यांचं चॅनल चालवायचा. त्याने फळा वाचला आणि हेल्मेट खाली ठेवलं.

"ये, पत्रकार! बावखल म्हणजे काय ते सांग या मुलांना."

"टीचर, मला वाटलं गटाराचं पाणी आहे. हिरवंगार होतं."

"वाटलं! वाकून हात घातलास पाण्यात? त्या बाईला एक शब्द विचारलास?"

"नाही."

"वाटलं आणि छापलं. तीन उद्गारचिन्हं! एका बाईची चूल विझली, पिढ्यांचं पाणी मातीत जायला निघालं, आणि तुला लाइक किती मिळाले रे? शिकवलं ते सगळं विसरलास?" टीचरचा आवाज चढला तशी मुलं बाकांत खाली सरकली. असं रागावताना त्यांनी टीचरना कधी पाहिलं नव्हतं. "असला कचरा मी उघडूनसुद्धा पाहिला नाही!"

विघ्नेशने मान वर केली.

"उघडला नाहीत?" त्याने हळूच विचारलं. "मग टीचर, पाठवलात कसा?"



विघ्नेशने फोन त्यांच्या पुढे धरला. 'टीचरची मुलं' हा जुन्या विद्यार्थ्यांचा ग्रुप. आठशे जण. मंगळवारी सकाळी टीचरच्या नावाने तो व्हिडिओ आला होता आणि त्याखाली त्यांचे दोन शब्द. वर्ग सुटला की दारात उभ्या राहून त्या मुलांना म्हणायच्या तेच. मग खाली रांगच लागली होती. 'टीचरनी पाठवलंय म्हणजे खरंच असणार.' 'पुढे पाठवते.' 'आजपासून गिरीजची भाजी बंद.'

टीचरना आठवलं. दवाखान्यातली रांग. चष्मा पिशवीत. लाल, मोठाली अक्षरं, चष्म्याशिवायही वाचता येतील अशी. तेवढी वाचून, न उघडताच त्यांनी ते पुढे पाठवलं होतं आणि विसरूनही गेल्या होत्या.

"माझं चॅनल तीनशे माणसं बघतात, टीचर," विघ्नेश म्हणाला. "त्यातली निम्मी घरचीच. माझी चूक आहेच. पण माझ्यावर एवढा विश्वास कोण ठेवतं?"

सुभद्रा टोपलीतल्या जुड्या उगाच इकडच्या तिकडे करत होती. "मी तेच इचारायला आले होते," ती वर न बघता म्हणाली. "गिऱ्हाईक म्हनतात, टीचर कशाला खोटं सांगतील?"

 टीचरनी फडका घेऊन फळ्यावरचं वाक्य पुसलं, उद्गारचिन्हांसकट.

"विघ्नेश, उद्या सकाळी सातला बावखलावर ये. शेवाळ मी सारते. कॅमेरा पाण्यावर धर आणि मग माझ्या तोंडावर."

त्यांनी मोडक्या खडूचा तुकडा उचलला. 'वापर'च्या पुढे व्हिडिओखाली पाठवलेले आपले ते दोन शब्द लिहिले आणि मुलांना ते वहीत उतरवून घ्यायला सांगितलं.

'जपा, बाळांनो.'