मोजून बोलायचं

“शपथ घेतल्याबिगर गाडी पुढं जायाची नाय,” असं म्हणून भागूबाईनं नवऱ्याच्या हातातला कासरा ओढला. बैल रस्त्यातच थांबले.

कोंडाजीनं कपाळाला हात लावला. पहाटे कळंबहून निघाल्यापासून बाईनं हाच धोशा लावला होता.

“घेतली की गं. गावदेवीची घेतली.”

“काय घेतली ते बोला.”

“जे हाय तेच बोलीन. मोजून बोलीन. फुगवून काय सांगनार नाय.”

तेव्हा कुठं गाडी हलली.

भागूबाईचं तरी काय चुकत होतं? बावीस वर्षं तिनं या माणसाशी संसार केला, आणि एवढ्या वर्षांत त्यानं एक गोष्ट जशी आहे तशी सांगितली असेल तर शपथ. ओढ्याला घोटाभर पाणी आलं की हा महापूर सांगायचा. साधं पडसं बरं झालं की दारातून यम परत धाडला म्हणायचा. लढाईच्या दिवसांत रेशनला किडका तांदूळ मिळाला, तोही हुंगून म्हणाला, “वास बघ गं, आंबेमोहोर हाय.” पोरगी जिजा खळखळून हसली आणि दोघं बापलेक तो तांदूळ मिटक्या मारत जेवले. भागूबाई मात्र खडे निवडत बसली. उचलली जीभ लावली टाळ्याला, असल्या माणसाला सांगायचं तरी काय?

घरातल्या घरात होतं तोवर तिनं सोसलं. पण या जिभेनं जिजाची दोन लग्नं मोडली होती. पहिल्या सोयऱ्यांना त्यानं बारा बैल सांगितले. ते आले आणि गोठ्यात दोन बैल बघून पाणीही न पिता गेले. दुसऱ्यांना आमराई सांगितली. आंब्याची झाडं होती तीन, त्यातलं एक वठलेलं. जिजाला अठरा सरली होती, तिच्या सोबतिणींच्या कडेवर पोरं आली होती. तिसऱ्यांदा मोडलं तर मग कुणी उंबरा चढणार नाही, हे भागूबाईला पक्कं ठाऊक होतं.

आणि स्थळ तर असं, की पुन्हा मिळायचं नाही. मुलगा पोपट भिवपुरीच्या वीजघरात कामाला, महिन्याच्या महिन्याला पगार. मुलाचा बाप वाल्मिक, राहणार कुंभिवली. मध्यस्थ गोमानं आधीच बजावलं होतं, “वैनी, कोंडाजीच्या बाता खालापुरापतूर ठाव्या हायेत. वाल्मिकबी हसत व्हता. आवरा त्याला.”

कुंभिवलीत वाल्मिकनं पडवीत घोंगडी अंथरली. पोपटची आई विमलबाई गूळपाणी घेऊन आली. कोंडाजीची मजा ऐकायला मिळणार म्हणून दोघांचे चेहरे हसरे होते.

“पीकपानी कसं काय यंदा?” वाल्मिकनं विचारलं.

“बरं हाय.”

“बैल किती?”

“दोन.”

“आमराई हाय म्हनं तुमची.”

“तीन झाडं हायेत. एक वठलंय.”

वाल्मिकनं बायकोकडं पाहिलं. भागूबाईच्या जिवात जीव आला. तिनं पदराआडून देवीला हात जोडले.

“अन पोरगी?” वाल्मिकचा आवाज जरा खाली आला होता.

कोंडाजीनं तोंड उघडलं. डोळे चमकले, हात वर उठला. भागूबाईनं त्याचा पाय अंगठ्यानं दाबला. हात खाली आला.

“बरी हाय,” कोंडाजी म्हणाला.

“कामधंदा?”

“करती.”

“तब्येत?”

“बरी हाय.”

पुढं वाल्मिकनं काही विचारलंच नाही. विमलबाई भागूबाईला आत घेऊन गेली, ऊन भातावर तूप वाढलं आणि जवळ बसून तिच्या पाठीवरून हात फिरवला.

“पोर जेवती का नीट?”

“जेवती आपली,” भागूबाई म्हणाली. आपणच फुगवून सांगायला नको, म्हणून तिनंही मोजूनच सांगितलं.

निघताना विमलबाईनं हळदीची पुडी तिच्या हातात दिली. “घरची हाय. पोरीला दुधातनं द्या.” बोलताना तिचे डोळे भरून आले होते. सासरची हळद लग्नाआधीच घरात आली, अशी सासू सात जन्म शोधून मिळायची नाही, या विचारानं भागूबाईलाही रडू फुटलं.

परतीच्या वाटेवर तिचं तोंड थांबेना. “बघितलं? बावीस वरसं घसा कोरडा केला मी. खरं बोलल्यावर मानसं कशी इरघळतात बघा.”

कोंडाजी बैलांच्या पाठीकडं बघत होता. “सोन्यासारकी पोर माझी,” तो म्हणाला. “अन मी नुसती बरी म्हनून आलो. जीभ जड झाली गं माझी.”

“ऱ्हाऊं द्या जड. लगीन होस्तवर तशीच ऱ्हाऊं द्या.”

चार दिवसांनी गोमा आला. जिजा मागच्या अंगणात भात कांडत होती, मुसळाचा दणका ओटीपर्यंत येत होता. भागूबाईनं पाट मांडला. गोमा बसला नाही.

“वैनी, वाल्मिकनं पोपटची सुपारी काल दुसरीकडं फोडली.”

भागूबाई त्याच्यापुढं येऊन उभी राहिली. “अवं पन का? ह्यांनी एक शबूद फुगवला नाय. ईचारा वाल्मिकभाऊंना.”

“ईचारलं. मी छातीवर हात ठेवून सांगितलं, पोर ठनठनीत हाय, मी सोता बघतो रोज. तर म्हनले, तू मधला मानूस, तू तसंच सांगनार.”

“ठनठनीत? म्हंजे काय झालंय म्हनले तिला?”

गोमानं टोपी काढून हातात घेतली.

“वाल्मिक म्हनला, जो मानूस कशालाच सोळा आन्याच्या खाली म्हनत नाय, तो पोटच्या पोरीला नुसती ‘बरी’ म्हनतो, म्हंजे ती पोर काय आता पुढचा पावसाळा बघत नाय.”