दादाचे नियम

वडील गेल्यावर त्यांचं मनगटी घड्याळ कुणी घ्यायचं, यावरून तिघा भावंडांत तीन महिने नुसती जुंपली होती. शेवटी दादाने फर्मान काढलं, वडिलांनी शिकवलेला पोकरच खेळू, जिंकेल त्याचं घड्याळ. नियमही त्यानेच लिहून फ्रिजवर चिकटवले. जो आधी हरेल, त्याने शेवटपर्यंत पत्ते वाटायचे. मधेच कुणी उठून गेलं, तर त्याच्या, पैशांऐवजी लावायला दिलेल्या, चकत्या टेबलावरच राहतील. त्याच्या रिकाम्या खुर्चीला पत्ते वाटायचे आणि दर डावाला त्याची एक चकती कापायची.

"घड्याळ मागायला बरा आलास! ते अंथरुणाला खिळले तेव्हा कुठे होतास?" चौथ्याच डावात दादाने धाकट्याला सुनावलं. धाकटा पत्ते भिरकावून तरातरा निघून गेला. दादाला चेव चढला. "आता तुझा नंबर," असं ताईला म्हणत त्याने आपल्या होत्या नव्हत्या तेवढ्या चकत्या पुढे सारल्या, आणि ताईने एकाच डावात त्याला गारद केलं.

आता समोर फक्त रिकामी खुर्ची. घड्याळ ताईचंच झाल्यात जमा होतं.

ताईने पर्स उचलली. "माझ्याही चकत्या राहू देत इथेच. नियम तुझेच आहेत ना? वाट आता पत्ते."



दिवे लागायची वेळ झाली तरी दादा दोन रिकाम्या खुर्च्यांना पत्ते वाटत होता, आणि टेबलावरच्या वडिलांच्या घड्याळात किती वाजले ते बघायची त्याची हिंमत होत नव्हती.