डायवरची गाडी

"आज बी गंजच काढायलाव का?" सगुणाबाईनं चहाचा कप बॉनेटवर ठेवायला हात पुढं केला आणि लगेच मागं घेतला. बॉनेटवर काही ठेवलेलं सितारामला खपत नसे. तिनं कप ओट्यावर ठेवला.

"ह्या कोपऱ्यात हाय अजून थोडा."

"काल त्या कोपऱ्यात होता."

"गंज काय एका जागी बसतो व्हय?" सिताराम म्हणाला आणि पॉलिश पेपर पाण्यात बुडवून पुन्हा मडगार्डवर फिरवू लागला.

चिंचेच्या सावलीत तांबूस धूळ उडत होती. उन्हाचे कवडसे गाडीवरून सरकत होते. दुपारी पेडगाव सगळं पेंगायचं, तेव्हा त्या घासण्याचा आवाज लांबवर नदी वाहावी तसा ऐकू यायचा.

गाडी ऑस्टिन होती, निजामाच्या काळातली. गंगाखेडच्या आबासाहेबांच्या बंगल्यामागं शेडमध्ये वर्षानुवर्षं पडून राहिलेली. कोंबड्यांनी आत अंडी घातली होती, खालचा पत्रा चाळणी झाला होता. आबासाहेबांच्या नातवाला शेड मोकळं करायचं होतं. भंगारात देण्यापेक्षा आजोबांच्या जुन्या माणसाला दिलेली बरी, असं तो म्हणाला, आणि सितारामनं ती रिकाम्या ट्रकवर चढवून घरी आणली.

"डायवरची गाडी डायवरच्या दारात आली," गाव म्हणालं.

लग्नानंतर सिताराम पेडगावात शेती करायला आला, तेव्हापासून त्याला सगळे डायवरच म्हणत. आबासाहेबांच्या मोटारीचे किस्से सांगावेत तर त्यानंच. परभणीच्या रस्त्यावर धूळ कशी उठायची, हॉर्न वाजला की बैल कसे बुजायचे. मधे गावातल्या तात्यारावांनी ट्रॅक्टर आणला, तेव्हा पोरांनी त्याला ओढतच नेलं होतं. "ट्रॅक्टर म्हंजे मोटर न्हाई," असं म्हणून तो लांबूनच परतला होता.

दुष्काळ सरला त्या साली कामाला सुरुवात झाली. जावई दत्तराव परभणीला एसटीच्या डेपोत मेकॅनिक होता. तो सुटीच्या दिवशी यायचा आणि इंजिन उकलून बसायचा. पत्र्याचं काम सितारामचं. तो नट रॉकेलमध्ये भिजत ठेवायचा, सडलेला पत्रा कापून नवा बसवायचा, त्यावर लांबीचा लेप भरायचा, पुन्हा घासायचा. डोळे मिटूनही त्याला गाडीचा प्रत्येक उंचवटा कळायचा. हात फिरवता फिरवता त्याला वाटायचं, गाडी पाण्यात उभी आहे, चाकांना लाटा लागतायत, आणि आपण अजून विशीतच आहोत.

हळूहळू गाडीला रंग चढला. गर्द हिरवा, भरल्या ज्वारीसारखा.

"मामा, इंजिन तयार हाय," दत्तराव एकदा म्हणाला. "लावून बगू का?"

"सबूर. पत्रा कच्चा हाय अजून."

पुढच्या खेपेलाही पत्रा कच्चाच होता. त्याच्या पुढच्या खेपेला दाराची फट जुळत नव्हती. मग सितारामनं डिकीचा रंग खरवडून काढला आणि पहिल्यापासून लावायला घेतला.

"मला एकदा माहेरी जायचंय हिच्यात बसून," सगुणाबाई म्हणाली. तिचं माहेर गंगाखेडजवळच, नदीच्या पलीकडं. "म्हातारी झाल्यावर नेताव का?"

त्यानं पॉलिश पेपर पुन्हा पाण्यात बुडवला. त्या दिवशी जेवणही नीट गेलं नाही.

संक्रांतीच्या दुसऱ्या दिवशी दत्तरावानं विचारलंच नाही. सिताराम शेतातून आला तर हँडल मारून झालं होतं आणि गाडी अंगणात थरथरत होती. निळसर धूर चिंचेत चढत होता. अर्धं गाव गोळा झालं होतं.

"बसा डायवर!" तात्याराव ओरडले. "दावा आमाला!"

कुणीतरी दार उघडलं. कुणीतरी त्याला हाताला धरून आत बसवलं. त्यानं स्टीअरिंग धरलं. ते गार होतं, आणि त्याच्या हाताखाली सगळी गाडी धडधडत होती. पायाशी तीन पेडल होती. कोणतं कशाचं, त्याला ठाऊक नव्हतं. आबासाहेबांची गाडी चालवायचा तो पंडित नावाचा दुसराच माणूस. सिताराम ती धुवायचा, पुसायचा. ह्या सीटवर तो जन्मात पहिल्यांदाच बसला होता. लग्न जमवताना त्याच्या मामानं "पोरगा आबासाहेबांच्या मोटारीवर असतो" एवढंच सांगितलं होतं. लोकांनी काय समजायचं ते समजून घेतलं आणि त्यानं ते कधी खोडलं नाही. सगुणाबाईजवळसुद्धा नाही.

बाहेर सगळे बघत होते. त्याच्या कपाळावर घाम आला.

"थांबा वो," गर्दीतून सगुणाबाई पुढं आली. "मला मागं एकटीला बसायचं लय भ्या वाटायलंय. तुमी माझ्यापाशी बसा. दत्तराव, तुमी चालवा."

लोक हसले. बाईची भीती सगळ्यांना पटली.

सिताराम उतरला आणि तिच्या शेजारी मागं बसला. दत्तरावानं गियर टाकला. गाडी पाळण्यासारखी हलली आणि वेशीबाहेर पडली. दोन्ही बाजूंनी ज्वारीची कणसं काचेला झुकत होती. ऊन मऊ झालं होतं. रस्ता जणू आपणहून गाडीखाली येत होता, आणि सितारामला वाटलं, हा कधी संपूच नये. संपला की सांगावं लागणार होतं.

पेडगाव मागं दिसेनासं झालं तेव्हा त्यानं घसा खाकरला. "सगुणा, एक गोष्ट हाय..."

"ऱ्हाऊ द्या," ती खिडकीबाहेर बघत हळूच म्हणाली. "पंडितचं बी मागणं आलं होतं मला. पर तुमाला नदीवर गाडी धुताना बगितलं, अन् मीच त्याला न्हाई म्हणले."