झिजलेलं बोट

"लॅपटॉप घरी वापरायला हवाय की कामासाठी?" दुकानदारानं विचारलं.

"घरीच. ही घरीच तर असते," नवरा म्हणाला.

"कामासाठी," ती म्हणाली. मागच्या महिन्यात सिनेमे ठेवायला जागा हवी म्हणून त्यानं तिच्या भाषांतराची शंभर पानं पुसून टाकली होती. जुन्या लॅपटॉपचा पासवर्ड घरभर पाठ होता. वर 'घरातलाच तर लॅपटॉप' असं म्हणून तो मोकळाही झाला होता.

दुकानदारानं एक काळा, जाडजूड लॅपटॉप पुढे सरकवला. "दिसायला ओबडधोबड आहे वहिनी, पण पाणी सांडलं तरी कुरकुरत नाही, बिजागरी ढिली पडत नाही, सुटे भाग मिळतात. आणि ज्याचं काम, त्याच्याच बोटानं उघडतो."

"मग हाच द्या."

तिनं बोट टेकवलं. लॅपटॉपनं ओळख दिली नाही. पदराला पुसून दुसरं टेकवलं, मग तिसरं. छे.

दुकानदारानं तिची बोटं उजेडात पाहिली. "भांड्यांच्या साबणानं रेषा झिजल्यात, वहिनी. महिनाभर साबणाला हात लावला नाहीत, तर परत उमटतील."

"हात्तिच्या, एवढंच ना," म्हणत नवऱ्यानं बाही वर सारली आणि आपलं बोट पुढे केलं. "माझं घ्या. अगदी नव्यासारखं आहे."

तिनं त्याचं मनगट धरून अलगद बाजूला केलं.

"लॅपटॉप बांधून द्या," ती दुकानदाराला म्हणाली. मग नवऱ्याकडे वळली. "आणि अहो, बाही वर केलीच आहे, तर आता महिनाभर तशीच राहू द्या. भांडी तुमच्याकडे."