एकच प्रोफाइल

"आधी मॅडमचे बुकमार्क घेतो, मग तुमचे," कॉम्प्युटरवाला म्हणाला. "विभागाला एकच प्रोफाइल. वरून आदेश आहे."

"घ्या की," सहायक ग्रंथपाल म्हणाली आणि तिने त्याला आपली खुर्ची दिली.

तिला चिंता नव्हती. दुसऱ्या शहरातल्या मोठ्या ग्रंथालयात प्रमुखाची जागा निघाली होती आणि शुक्रवारी तिची मुलाखत होती. जाहिरात, अर्ज, वेळापत्रक, इमारतीचा नकाशा अशा सात लिंक तिने ऑफिसच्याच ब्राउझरमध्ये साठवल्या होत्या. सकाळी तिने प्रत्येकीचं नाव बदललं आणि सगळ्या 'बाइंडिंगचे दर' या फोल्डरमध्ये सरकवल्या. त्या फोल्डरकडे अकरा वर्षांत कुणी ढुंकूनही पाहिलं नव्हतं.

विभागप्रमुख मॅडमना कळलं असतं, तर मात्र धडगत नव्हती. गेल्या वर्षी एकाने बाहेर अर्ज केला, तर त्याची रवानगी तळघरात झाली. तो अजून तिथेच जुन्या वर्तमानपत्रांची धूळ झटकत होता.

मॅडम चहाचा कप घेऊन मागे येऊन उभ्या राहिल्या.

"शुक्रवारची रजा मागितलीयस?"

"हो. आत्याच्या डोळ्याचं ऑपरेशन आहे."

"आत्याला शुक्रवारच सापडला? मीही नाहीये त्या दिवशी. काउंटर काय कपाटं सांभाळणार?"

"तुम्ही कुठे, मॅडम?"

"दाढ काढायचीय." मॅडमनी चहाचा घोट घेतला. "जा तू. तळघरातल्याला वर बोलावू एक दिवस. ऊन तरी बघेल बिचारा."

दोघी हसल्या. रजेच्या अर्जावर सही झाली. तिने अर्ज घडी घालून पर्समध्ये टाकला. आता शुक्रवारपर्यंत तोंड बंद ठेवायचं, की झालं.

पडद्यावर तिचे फोल्डर एकेक करून नव्या प्रोफाइलमध्ये उतरले. 'बाइंडिंगचे दर'ही निमूटपणे उतरले.

"डबल आलेल्या लिंक काढून टाकतो," कॉम्प्युटरवाला म्हणाला आणि थांबला. "सात आहेत."

"माझ्याकडे काहीच डबल नाही," ती ठामपणे म्हणाली. "मी सकाळीच सगळं नीट लावलंय."

"नावं वेगळी आहेत हो, पण मशीन पत्ता बघतं." त्याने पडदा दोघींकडे वळवला. "तुमच्या 'बाइंडिंगचे दर'मधल्या सातच्या सात लिंक मॅडमच्या 'वाचकांच्या तक्रारी'त आधीच आहेत. कुणाच्या ठेवू?"